ताप उतरला, आता सांभाळा : डेंग्यूच्या मुलाचे पीआयसीयूतले ४८ तास

डेंग्यू झालेल्या मुलाचा ताप चौथ्या-पाचव्या दिवशी उतरतो आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मुलांच्या अतिदक्षता विभागात, म्हणजे पीआयसीयूत, काम करणाऱ्यांची परीक्षा मात्र तिथूनच सुरू होते. ताप उतरण्याच्या सुमारास रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर गळकं होतं. रक्तातलं पाणी आणि प्रथिनं बाहेर झिरपून फुफ्फुसांभोवती आणि पोटात साठतात. लाल पेशी आतच राहतात, त्यामुळे उरलेलं रक्त घट्ट होतं. ही गळती साधारण २४ ते ४८ तास चालते आणि मग आपोआप थांबते. तेवढा वेळ रक्ताभिसरण टिकवून धरायचं, पण गरजेपेक्षा एक थेंबही जास्त द्यायचा नाही, एवढंच काम. गळती थांबवणारं औषध आपल्याकडे नाही, त्यामुळे सगळी भिस्त देखरेखीवर.

आधी प्लेटलेट्सचा विषय संपवू, कारण बाहेरच्या बाकड्यावर बसलेले नातेवाईक दुसरं काही विचारतच नाहीत. सकाळी ४२,०००, संध्याकाळी २८,०००, की लगेच फोनाफोनी, रक्तपेढीच्या चकरा, पपईच्या पानांचा रस, किवी. काळजी समजू शकते, पण डेंग्यूत मूल दगावतं ते बहुतेक वेळा लांबलेल्या शॉकमुळे, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोचण्यामुळे. गंभीर रक्तस्रावही बहुधा त्या शॉकच्या पाठोपाठ येतो. आकडा खाली गेला म्हणून, रक्तस्राव नसताना, प्लेटलेट्स चढवल्याने फायदा होतो असं दिसलेलं नाही. सिंगापूर आणि मलेशियात प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा प्लेटलेट्समुळे रक्तस्राव कमी झाला नाही, उलट दुष्परिणाम वाढले. प्लेटलेट्स झपाट्याने उतरणं ही ‘गळती आता सुरू होईल’ अशी सूचना असते. ती घ्यायची आणि नजर दुसऱ्या आकड्यांकडे वळवायची.

त्यातला पहिला आकडा ब्लड प्रेशरचा, पण वरचा नाही. वरच्या आणि खालच्या आकड्यातला फरक, पल्स प्रेशर. सहा वर्षांच्या मुलाचं प्रेशर एरवी १००/६५ असेल, तर गळती सुरू झाल्यावर ते १००/७५ होतं, मग १००/८२. वरचा आकडा जागेवरच आहे. झालं असं, की हृदयाच्या प्रत्येक ठोक्यातून बाहेर पडणारं रक्त कमी झालं, ती तूट भरून काढायला शरीराने हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या, आणि त्यामुळे खालचा आकडा वर सरकला. फरक २० किंवा त्याहून कमी झाला की तो शॉक आहे, मग मूल पाणी मागत असो वा मोबाइलवर कार्टून बघत असो. डेंग्यूतली मुलं शॉकमध्येही बरीच शुद्धीवर असतात आणि तिथेच फसगत होते.

मॉनिटरचा अलार्म यात उपयोगी पडत नाही. एक ते दहा वर्षांच्या मुलात वरच्या प्रेशरची किमान मर्यादा ७० अधिक वयाची दुप्पट, म्हणजे सहाव्या वर्षी ८२. अलार्म तिथे लावलेला असतो आणि १००/८२ ला तो गप्प बसतो. मुलांचं वरचं प्रेशर टिकतं टिकतं आणि मग एकदम कोसळतं. तो कोसळण्याचा आकडा दिसेपर्यंत हातातला वेळ गेलेला असतो. म्हणून चार्टवर पल्स प्रेशरसाठी वेगळा रकाना आखावा आणि तो दर तासाला, शॉकमध्ये दर १५ मिनिटांनी, हाताने वजाबाकी करून भरावा. बहुतेक छापील चार्टांत हा रकाना नसतो. पट्टी घेऊन आखायला दोन मिनिटं लागतात.

पण हा आकडा मोजणारं यंत्रही समजून घ्यायला हवं. दंडावर आपोआप फुगणारा कफ वरचं आणि खालचं प्रेशर थेट मोजत नाही. तो हवेतल्या कंपनांवरून सरासरी प्रेशर पकडतो आणि बाकीचे दोन आकडे गणिताने काढतो. नाडी क्षीण असताना हे गणित ढासळतं आणि खरं प्रेशर खूप कमी असतानाही यंत्र त्यापेक्षा बरा आकडा दाखवू शकतं. कफच्या आतल्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या ४० टक्के आणि लांबी घेराच्या ८० ते १०० टक्के हवी. कफ लहान पडला तर प्रेशर खोटं जास्त येतं. वॉर्डात चारच मापांचे कफ असतात, त्यातला एक फाटका, आणि मग गुबगुबीत दंडावर जे हाताशी असेल ते गुंडाळलं जातं. एकदा माप ठरलं की तोच कफ त्या मुलाच्या पलंगाला बांधून ठेवावा, म्हणजे निदान आकड्यांची एकमेकांशी तुलना करता येते. कफ पुन्हा पुन्हा फुगतोय आणि आकडा येतच नाही, असं झालं तर केबल तपासण्याआधी नाडी हाताने बघा. यंत्राला नाडी सापडत नाही, हीसुद्धा माहितीच आहे. आणखी एक: दर १५ मिनिटांनी फुगणाऱ्या कफखाली लाल ठिपके उठतात. कफ अधूनमधून दुसऱ्या हाताला लावा आणि ते ठिपके नवा रक्तस्राव समजून घाबरू नका.

हात लावून बघण्याला पर्याय नाही. तळवा हृदयाच्या पातळीपेक्षा किंचित वर धरायचा, बोटाच्या टोकावर ५ सेकंद दाब द्यायचा, सोडल्यावर रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. दोन सेकंदांपर्यंत ठीक, तीनच्या पुढे नाही. एसीचा झोत थेट पलंगावर येत असेल तर निरोगी मुलाचे हातही गार लागतात. अशा वेळी छातीच्या हाडावर तपासून तुलना करावी. गार लागण्याची सीमा कुठवर आहे तेही लिहावं: बोटं, मनगट, की कोपर. सीमा खाली सरकतेय की वर, यावरून सलाईन पुरतंय का याचा अंदाज लॅबच्या कुठल्याही रिपोर्टआधी येतो. मनगटाची आणि पायाच्या घोट्याची नाडी जांघेतल्या नाडीच्या तुलनेत किती भरलेली आहे, हेही त्याच वेळी बघून घ्यावं. ताप नसताना, रडत नसताना सहा वर्षांच्या मुलाचे ठोके मिनिटाला १३० असतील, तर त्याचं कारण सापडेपर्यंत पलंगापासून हलू नये.

शॉक आटोक्यात येत नसेल तर धमनीत सुई ठेवून प्रेशर सतत मोजता येतं, बहुधा मनगटाच्या धमनीत, लहान मुलात २४ किंवा २२ नंबरची. डेंग्यूत तिचा एक खास धोका आहे आणि तो फारसा शिकवला जात नाही. नळीत बुडबुडा राहिला, नळी मुडपली किंवा टोकाशी बारीकशी गुठळी झाली, की लहर बसकी होते. वरचा आकडा खोटा कमी, खालचा खोटा जास्त. म्हणजेच पल्स प्रेशर आपोआप आक्रसलेलं दिसतं, अगदी डेंग्यू शॉकसारखं! अशा आकड्यावर विसंबून सलाईन वाढवलं की मूल फुगतं. म्हणून निर्णयाआधी फ्लश (नळी धुणारा द्रवाचा झोत) दाबून सोडायचा: चौकोनी लहरीनंतर एक-दोन झपाट्याचे हेलकावे दिसले तर नळी नीट आहे, हेलकावा न येता रेघ हळूहळू खाली आली तर नळीत दोष आहे. शून्याची पातळी छातीच्या चौथ्या फासळ्यांमधल्या जागेसमोर, काखेच्या मध्यरेषेवर. ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब मोजणारा भाग, १० सेंटिमीटरने खाली घसरला तर प्रेशर साधारण ७ अंकांनी जास्त दिसतं. आणि प्लेटलेट्स कमी असताना दाबून रक्त थांबवता येणार नाही अशा जागी, उदाहरणार्थ गळपट्टीच्या हाडाखाली, सुई घालू नये.

आता हिमॅटोक्रिट. रक्ताच्या एकूण आकारमानात लाल पेशींचा वाटा किती टक्के, हा तो आकडा. मुलाच्या मूळ पातळीपेक्षा तो २० टक्क्यांनी वाढला की गळती ठळक झाली असं धरतात: ३५ चा ४२ झाला तर. अडचण मूळ पातळीची. तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत केलेला साधा सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) इथे सोन्याच्या मोलाचा ठरतो, म्हणून घरच्यांना जुना रिपोर्ट शोधायला लावा, फोनवरचा फोटोही चालेल. तो नसेल तर पुस्तकातली ‘सामान्य’ पातळी आपल्या मुलांना लावताना जपून. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के मुलं ॲनिमिक निघाली. ज्याची मूळ पातळी ३० आहे त्याचा ३८ हा रिपोर्टवर निर्दोष दिसतो, लॅब त्यावर लाल खूणही करत नाही, आणि प्रत्यक्षात ती २५ टक्क्यांहून अधिक वाढ असते.

हा आकडा बिघडवण्याच्या वाटा पुष्कळ. सलाईन चालू असलेल्या हातातून, सुईच्या वरच्या बाजूने रक्त घेतलं की नमुना पातळ होतो आणि हिमॅटोक्रिट खोटा खाली येतो. लोक ‘सुधारणा’ म्हणून खूष होतात. धमनीच्या नळीतून घेताना नळीत साठलेल्या द्रवाच्या तिप्पट तरी आधी मागे ओढायचं, निर्जंतुक राखायचं आणि नमुना घेतल्यावर परत द्यायचं. मशीनही एकच हवं. सीबीसीचं मशीन लाल पेशींची संख्या आणि त्यांचं सरासरी आकारमान यावरून हिमॅटोक्रिट काढतं. रक्त भरलेली बारीक केशनळी यंत्रात गरगर फिरवून मोजलेला आकडा सहसा त्याहून थोडा जास्त येतो. ब्लड गॅसचं (रक्तातले वायू आणि आम्लता मोजणारं) मशीन अनेकदा रक्ताच्या विद्युतवहनावरून अंदाज करतं, आणि रक्तातली प्रथिनं कमी झाली की तो अंदाज खाली घसरतो. डेंग्यूच्या गळतीत प्रथिनं कमी होतातच! म्हणजे सकाळी सीबीसीचा ४४ आणि दुपारी गॅसचा ३९ यांची तुलना करून सलाईन ठरवणं म्हणजे अंधारात चाचपडणं. पद्धत एक ठेवा: स्थिर मुलात चार ते सहा तासांनी, शॉकमध्ये प्रत्येक बोलसच्या, म्हणजे थोड्या वेळात एकदम दिलेल्या द्रवाच्या, आधी आणि नंतर.

आणि हिमॅटोक्रिट एकट्याने कधी वाचू नये. मूल अस्थिर आणि आकडा चढा: गळती चालू आहे, द्रव हवा. मूल अस्थिर आणि आकडा उतरतोय: कुठेतरी रक्तस्राव होतोय, बहुधा आतड्यात, शौचाला काळी व्हायच्या आधीच, इथे आणखी सलाईन ओतून वेळ घालवू नये, रक्त मागवावं, पॅक्ड सेल (वेगळ्या काढलेल्या लाल पेशी) किलोमागे ५ ते १० मिली. मूल छान, आकडा उतरतोय: बाहेर गेलेला द्रव परत येतोय, सलाईन कमी करा. मूल छान आणि आकडा चढा: काहीही वाढवू नका, पुढच्या तासाला पुन्हा बघा.

द्रवाचं गणित २० किलोच्या मुलाला धरून मांडतो. पल्स प्रेशर आक्रसलंय पण वरचं प्रेशर टिकून आहे, तर आरएल (रिंगर लॅक्टेट) किंवा नॉर्मल सलाईन किलोमागे १० मिली एका तासात, म्हणजे २०० मिली. तासाने हात गरम, लघवी सुरू, तर १४० मिली दर तासाला एक-दोन तास, मग १००, मग ६०, आणि पुढे ४० ते ६० वर तग धरायचा. प्रेशर कोसळलेलं असेल तर किलोमागे २० मिली १५ मिनिटांत: ४०० मिली. हे बाटली उंच टांगून २४ नंबरच्या सुईतून जात नाही; तीन तोंडांचा स्टॉपकॉक लावून ५० मिलीच्या सिरिंजने हाताने ढकलावं लागतं, आणि शीर सापडत नसेल तर नडगीच्या हाडात सुई. लठ्ठ मुलात हिशेब उंचीनुसार योग्य वजनाचा, काट्यावरच्या वजनाचा नाही. सुधारणा झाली नाही तर दुसऱ्या बोलसला कोलॉइडचा (मोठ्या रेणूंच्या, रक्तवाहिनीत जास्त टिकणाऱ्या महागड्या द्रवाचा) विचार होतो, पण सुरुवात साध्या आरएलने करण्यात काही गैर नाही. हो ची मिन्ह सिटीमध्ये ३८३ मुलांवर झालेल्या अभ्यासात (२००५) मध्यम शॉकमध्ये आरएल महागड्या द्रवांच्या तोडीचं ठरलं होतं.

‘शॉक म्हणजे २० मिली’ हे समीकरण मात्र डोक्यातून काढून टाकायला हवं. २०११ साली युगांडा, केनिया आणि टांझानियात ३,००० हून अधिक तापाच्या, रक्ताभिसरण मंदावलेल्या मुलांवर झालेल्या चाचणीत झटपट बोलस दिलेल्या मुलांत ४८ तासांतले मृत्यू १०.५ टक्के, न दिलेल्यांत ७.३ टक्के होते. ती मुलं प्रामुख्याने मलेरिया, ॲनिमिया आणि सेप्सिसची (अंगभर पसरलेल्या गंभीर जंतुसंसर्गाची) होती आणि तिथे व्हेंटिलेटर नव्हते. डेंग्यूचा आजार वेगळा. तरी एवढं घ्यावं, की बोलस हे औषध आहे आणि औषधाला मात्रा असते.

लघवी मोजल्याशिवाय यातलं काहीच करू नये. डेंग्यूत किलोमागे तासाला ०.५ ते १ मिली पुरते. त्याहून भरपूर होत असेल तर आपण जास्त पाजतोय. डायपर कोरडा आणि ओला दोन्ही वेळा वजन करावा, एक ग्रॅम म्हणजे एक मिली. डेक्स्ट्रोजवाल्या सलाईनमुळे साखर वाढली असेल तर लघवी खोटी छान होते. रक्ताभिसरण सुधारलंय असा त्याचा अर्थ नाही.

श्वासाचा आकडा मॉनिटरवरून घेऊ नका. छातीवरचे ईसीजीचे स्टिकर छातीचं हलणं मोजतात; कधी हृदयाचे ठोकेच श्वास म्हणून मोजले जातात, कधी घसा बंद होत आलेलं मूल छाती हलवतंय म्हणून श्वास ‘नॉर्मल’ दिसतो. पोटावर हात ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. सुरुवातीला वाढलेला श्वास बहुधा ॲसिडोसिसचा (रक्तातली आम्लता वाढल्याचा) असतो, खोल आणि आवाज न करता. दुसऱ्या दिवसानंतर वाढलेला श्वास बहुधा छातीत साठलेल्या पाण्याचा, उथळ आणि कण्हत, उजव्या बाजूला जास्त. पहिल्याला द्रव हवा, दुसऱ्याला द्रव घात करतो. एकाच आकड्यामागे उलटे उपाय, म्हणून सोनोग्राफीचा प्रोब पलंगाशी असणं फार मोलाचं: पित्ताशयाची जाड झालेली भिंत, पोटातलं पाणी, छातीतलं पाणी, हृदयाचं आकुंचन, सगळं पाच मिनिटांत. छातीतलं पाणी सुई घालून काढायचा मोह टाळावा. रक्तस्राव होतो आणि पाणी पुन्हा भरतं. पल्स ऑक्सिमीटरवर विश्वास ठेवण्याआधी त्यावरचे ठोके ईसीजीच्या ठोक्यांशी जुळतात का आणि लहर नीट आहे का, ते बघावं. गार बोटावरचा ८६ आणि गार बोटावरचा ९८, दोन्ही संशयितच.

योग्य द्रव देऊनही शॉक हलत नसेल, तर चार गोष्टी एका दमात तपासायच्या: ॲसिडोसिस, रक्तस्राव, कॅल्शियम, साखर. साखर कमी निघाली तर १० टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे २ ते ५ मिली. लॅक्टेटचा (पेशींना प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढणाऱ्या आम्लाचा) एकच आकडा फारसं सांगत नाही, दोन-तीन तासांनी तो उतरतोय का हे महत्त्वाचं; आणि दंड आवळून, पिळून, अर्धा तास टेबलावर पडलेल्या नमुन्यातला लॅक्टेट नुसता घोळ घालतो. मूल चिडचिडं, अस्वस्थ झालं तर ते मेंदूला रक्त कमी पडल्याचं किंवा साखर उतरल्याचं लक्षण असू शकतं. ‘फार हात-पाय मारतोय’ म्हणून झोपेचं इंजेक्शन, हा या आजारातला सगळ्यात वाईट शॉर्टकट.

निदानाबद्दलही एक शंका कायम जिवंत ठेवावी. डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन शोधणारी एनएस१ चाचणी पहिल्या पाचेक दिवसांत चांगली पकडते आणि दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्या मुलात ती निगेटिव्ह यायची शक्यता जास्त. आयजीएम, म्हणजे शरीराने बनवलेलं प्रतिपिंड, पाचव्या दिवसाच्या आसपास उमटू लागतं. पावसाळ्यानंतर विदर्भात स्क्रब टायफसही (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) असतो, २०१८ साली नागपूर भागात त्याचा मोठा उद्रेक झाला होता. काख, जांघ, कानामागे, कमरपट्ट्याखाली सिगारेटच्या चटक्यासारखा काळा व्रण शोधायचा. सापडला तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन. हेही विसरू नये: मलेरियाची स्लाइड, मुंबई-कोकणात लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस), आणि डेंग्यू पॉझिटिव्ह असूनही सोबत जिवाणूंचा सेप्सिस. शॉकमध्ये हात गार न लागता गरम आणि पल्स प्रेशर रुंद असेल, तर डेंग्यूच्या रिपोर्टवर थांबू नका. सात-आठ दिवसांनंतरही ताप चढतोय, सगळ्या पेशी घटताहेत, प्लीहा वाढतेय, तर रक्ताची फेरिटिन चाचणी पाठवा, प्रतिकारशक्तीच बेभान झालीय का याचा अंदाज येतो.

शेवटच्या टप्प्यात चुका होतात त्या उत्साहापोटी. गळती थांबली की बाहेरचं पाणी आत यायला लागतं, भूक लागते, अंगावर लालसर पुरळ उठतं आणि त्यात मूळ रंगाची बेटं दिसतात, नाडी कधी कधी चांगलीच मंद होते. मुलाची बाकी तब्येत उत्तम असेल तर त्या मंद नाडीला औषध नको. याच वेळी कालच्या ऑर्डरप्रमाणे सलाईन चालू राहिलं की फुफ्फुसात पाणी भरतं. पोट ताणलेलं, लघवी घटलेली आणि श्वास वाढलेला असेल तर पोटातला दाब लघवीच्या कॅथेटरमधून मोजावा: मूत्राशयात किलोमागे १ मिली सलाईन, कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त २५. दाब १० च्या वर आणि सोबत एखादा अवयव नव्याने बिघडतोय, तर आणखी द्रव हा उपाय नव्हे. गळतीच्या ४८ तासांनंतरही सलाईन लागतंय असं वाटलं, तर बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी निसटलेलं असतं.

तालुक्याच्या दवाखान्यातून मूल पाठवताना चिठ्ठीवर ‘डेंग्यू, प्लेटलेट्स ३०,०००’ एवढंच लिहिलेलं असतं. त्याऐवजी हवं ते असं: ताप कोणत्या तारखेला सुरू झाला, शेवटचा ताप किती वाजता होता, पहिला आणि शेवटचा हिमॅटोक्रिट वेळेसकट, निघतानाचं प्रेशर दोन्ही आकड्यांत, वजन, आतापर्यंत एकूण किती मिली कोणतं सलाईन दिलं आणि शेवटची लघवी कधी झाली. ॲम्ब्युलन्समध्ये सलाईन बंद करून पाठवू नका आणि पूर्ण उघडूनही सोडू नका. मिनिटाला किती थेंब, हे सोबतच्या माणसाला बाटलीवर पट्टी चिकटवून लिहून द्या.